नगरची ख्रिस्ती मंडळी : संस्थापकस्मरण आणि स्वावलंबनाचा प्रश्न

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यास पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने ऑक्टोबर १८८१ मध्ये तेथे महोत्सव साजरा करण्यात आला व १८१३ पासूनच्या कार्याचा आढावा घेणारे निबंध ग्रंथरूपाने संकलित झाले. संस्थापकांचे गुणगान हा अशा प्रसंगांचा स्वाभाविक भागच होय. परंतु मंडळीचे संस्थापक नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर वरवर दिसते तितके सरळ नाही. आणि ते जसे द्यावे, तसे तिच्या भवितव्याविषयीचे कर्तव्यही बदलते.

रूढ उत्तर गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांच्यापासून आरंभ करते. कंपनी सरकारचा विरोध असतानाही हे दोघे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. नॉट लवकरच परतले. हॉल मात्र तेरा वर्षे येथे राहिले आणि २० मार्च १८२६ रोजी नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने वारले. वय अवघे एकेचाळीस. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्हज, रीड व हर्व्ही हे मिशनरी नगरास आले. त्यांपैकी हर्व्हीही पुढील वर्षी पटकीलाच बळी पडले. एवढ्या त्यागाचे स्मरण उत्तरकालीनांनी आदराने केले, यात नवल नाही.

तथापि नगरास आलेल्या त्या पहिल्या तुकडीत बाबाजी नावाचे एक मराठी ब्राह्मणही होते. त्यांनी नुकतीच ख्रिस्ती दीक्षा घेतली होती. नगरच्या अनाथगृहातील अंध, पंगू व निराधार लोकांत त्यांनी उपदेश केला, आणि १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीचे पहिले सभासद पुष्कळ अंशी याच लोकांतून आले. त्याच वर्षी बाबाजीही पटकीने गेले. रीड यांनी त्यांचे चरित्र लिहून १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केले, म्हणून त्यांचे नाव तरी उरले. अनाथगृहातील त्या सभासदांचे चरित्र कोण लिहिणार? वास्तविक पाहता मंडळी म्हणजे सभासदांचा समुदाय, या अर्थाने तिचे संस्थापक म्हणविण्याचा अधिकार त्यांचाही आहे.

दुसरी स्थापना, असे जिला म्हणता येईल, ती १८५४ ची. त्या वर्षी हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या पहिल्या व दुसऱ्या मंडळीचे पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. अमेरिकेतील मूळ संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन याच सुमारास पश्चिम हिंदुस्थानच्या पाहणीस आले होते. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण सोसावा व आपला प्रसार आपण करावा, हे त्यांचे धोरण. तत्त्व उदात्त खरे. परंतु त्याच धोरणाच्या ओघात मिशनने इंग्रजी शिक्षणापासून हात आखडता घेतला. स्वावलंबनाची अपेक्षा करावयाची आणि त्याच वेळी लौकिक उन्नतीचे एक साधन दूर करावयाचे, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

विसंगतीचा भार पडला तो खेड्यांवर. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार समाजातील. जमीन अल्प किंवा नाहीच, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाने होते नव्हते तेही नेले. दुष्काळानंतर सभासदसंख्या झपाट्याने वाढली, पण पाळकाचे वेतन देण्याची शक्ती त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यास 'ऐक्य' म्हणत. तेथे धान्य, कोंबड्या, अंडी अशा वस्तुरूपाने दान येई. रोख पैसा ज्यांच्या हाती क्वचितच येई, त्यांच्या दृष्टीने भावी काळाविषयीची प्रतिज्ञा हीच होती. १८८१ च्या स्मरणाचे मोल ठरविताना भाषणांइतकेच या टोपल्यांकडेही पाहिले पाहिजे.

आर्थिक स्वावलंबन झाले तरी मनाचे स्वावलंबन उरतेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला व पुढे मिशनच्या सेवेत राहून कीर्तन आणि अभंग यांच्याद्वारे उपासनेस देशी वळण दिले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. मिशनरी मित्रांविषयीचा त्यांचा स्नेह मात्र या विच्छेदाने आटला नाही. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत समाविष्ट झाल्या.