दिवाळं निघालं, की काढलं?

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या वडिलांचे रिटायरमेंटचे पैसे एका पतसंस्थेत अडकले. (नाव लिहीत नाही. निम्म्या वाचकांना आपलीच वाटेल.) लोक म्हणायचे, दिवाळं निघालं. वडील चिडायचे, "निघालं नाही रे, काढलं!"

ते आठवलं 'बँकरप्सी' या इंग्रजी शब्दामुळे. शब्द मूळ इटलीचा. तिकडचे सराफ बाकावर बसून व्यवहार करायचे. बाक म्हणजे 'बांको', त्यावरूनच बँक. देणी थकली की सराफाचा बाक मोडायचे अशी गोष्ट सांगतात. बाक खरंच मोडत असोत-नसोत, शब्द तसाच आहे. 'बांकारोत्ता', मोडका बाक.

इंग्लंडात १५४२ साली आठव्या हेन्रीच्या काळात याबद्दल पहिला कायदा झाला. त्यात बँकरप्ट म्हणजे सरळसरळ लबाड, लोकांचा माल घेऊन तोंड लपवणारा. पुढे हळूहळू शब्द मऊ झाला. आज धंद्यात बुडालेला गरीब दुकानदारही बँकरप्ट आणि लुटारूही बँकरप्टच.

इटालियनमध्ये भाषांतर करताना मात्र आधी विचारावं लागतं, नक्की काय झालं? नुसता धंदा बुडाला तर 'फाल्लिमेंतो', म्हणजे अपयश. हिशेबाची वहीच खोटी, पैसा दुसरीकडे वळवला, तर 'बांकारोत्ता'. हा फौजदारी गुन्हा, लबाडीचा असेल तर ३ ते १० वर्षं कैद. पार्मालात ही दुधाची बलाढ्य कंपनी २००३ मध्ये कोसळली, हिशेबात सुमारे १४ अब्ज युरोंचं भगदाड. तिचे मालक कालिस्तो तांझी यांना २०१० मध्ये याच गुन्ह्याखाली १८ वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात किंचित कमी झाली, पण टिकली.

आणखी एक गंमत. २०२२ पासून इटलीच्या नव्या कायद्यातून 'फाल्लिमेंतो' काढून टाकला. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसावर डाग नको म्हणून. आता म्हणायचं 'न्यायालयीन अवसायन'. 'बांकारोत्ता' मात्र तसाच ठेवला. मला हे पटतं.

आपल्याकडे दोन शब्दही लागत नाहीत, एका क्रियापदात काम होतं. ते वडिलांना कळत होतं. सरकारदरबारी मात्र सगळं एकाच मापात. बँक बुडाली तर निदान ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तोही नाही.

वडील गेले. ठेवीच्या पावत्या कपाटात आहेत. संस्थेच्या कुलूप लावलेल्या दारावर अजून तीच पिवळी पडलेली नोटीस: 'संस्था अवसायनात'.