हौद्यातली नजर

अहिल्यानगर जिल्ह्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या जोडांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत सगळं गावासमोर चालतं. जुना पैलवान दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईवर पोसला म्हणून निर्मळ राहिला, असं कौतुकानं सांगतात. ते अर्धंच खरं. खुराकापेक्षा त्याला जास्त राखलं ते भोवतालच्या नजरांनी. पहाटे हौद्याची माती खणायची, जोर-बैठका मारायच्या, मग वस्तादासमोर लढत. कुणाची ताकद किती आणि ती कशी वाढली, हे साऱ्या तालमीला ठाऊक असे. संशोधक निकोस न्टुमानिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली खेळातल्या उत्तेजकांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा याच्याशी जुळणारं चित्र पुढे आलं: भोवती उत्तेजकं चालतात असं वाटलं की खेळाडूचं मन तिकडे झुकतं, नीतीची चाड आणि मोहाला नकार देता येईल हा विश्वास असला, तर ते मागे राहतं.

यावर कुणी म्हणेल, तेव्हा औषधंच नव्हती, मग संयमाचं श्रेय कसलं? आक्षेप रास्त आहे. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते १९५२ मध्ये. मेथॅन्डिएनोन हे स्टिरॉइड अमेरिकेच्या बाजारात आलं १९५८ मध्ये. म्हणजे जुन्या तालमीची या मोहाशी गाठच पडली नव्हती. ती पडल्यावर काय होतं, ते २०१६ मध्ये दिसलं. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात हेच द्रव्य सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात ते कुणीतरी मिसळलं, हा त्याचा दावा क्रीडा लवादानं मानला नाही आणि ऑलिंपिकमधल्या त्याच्या लढतीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा, मग त्यानंच सुई पुढे केली तर? नजर राखते तशी दडपतेही, हे कबूल करायलाच हवं. पण नजर नसली की काय होतं, तेही समोर आहे. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरणारं मेफेन्टरमिनचं इंजेक्शन आज जिमच्या पोरांना चोरून विकलं जातं. पुणे पोलिसांनी असे विक्रेते पकडले आहेत.

उत्तेजकविरोधी राष्ट्रीय कायदा २०२२ मध्ये झाला, पण गावच्या हगाम्यात लघवीचा नमुना कोण घेणार? तिथली राखण वस्तादाकडेच आहे. त्यानं डावांबरोबर पोरांना बाटलीवरचं नाव वाचायला शिकवावं, आणि वेळ आली तर खुद्द वस्तादालाही ‘नको’ म्हणायला.