खेळ एकच, ग्राहकाचे हक्क मात्र देशागणिक वेगळे

कोल्हापूर - राजारामपुरीतील आणि सिडनीतील ग्राहक एकाच दिवशी एकाच कंपनीचा व्हिडिओ गेम इंटरनेटवरून विकत घेतात. खेळ तोच, कंपनी तीच. मात्र किंमत, खेळ मिळण्याची तारीख आणि तो सदोष निघाल्यास पैसे परत मिळण्याची शक्यता या बाबी दोघांसाठी सारख्या नसतात.

भारतीय ग्राहकाला विलंबाची सवय आहे. सोनीचे 'प्लेस्टेशन ५' अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आले. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. मायक्रोसॉफ्टने तर २००८ मध्ये 'एक्सबॉक्स ३६०'वरील 'फॉलआउट ३' हा खेळ सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन भारतात आणलाच नाही. त्यातील दोन डोक्यांच्या गायींना 'ब्राह्मिन' म्हटले असल्याची तेव्हा चर्चा होती. कंपनीने नेमके कारण सांगितले नाही.

किमतीच्या बाबतीत मात्र भारतीय ग्राहक अनेकदा फायद्यात असतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या आणि अनेक खेळ येथे अमेरिकेपेक्षा स्वस्त पडतात. स्वस्त देशातला खेळ महागड्या देशात चालू नये म्हणून कंपन्या कुलपे घालतात. युरोपीय महासंघात अशा कुलपांबद्दल व्हॉल्व्ह व पाच प्रकाशकांना जानेवारी २०२१ मध्ये एकूण ७८ लाख युरोंचा दंड झाला.

भारतीय खेळाडूंना खरा फटका बसला तो 'पब्जी मोबाइल'च्या वेळी. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात हा खेळ होता. ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. पोशाख आणि बंदुकांच्या सजावटीवर खर्च केलेले पैसे अडकले. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने केवळ भारतासाठी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आणला आणि जुन्या खात्यातील सामान त्यात नेण्याची सोय ठराविक मुदतीपुरती दिली. अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. जुलै २०२२ मध्ये हा खेळही रोखला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. यात मूळ निर्णय सरकारचा होता, हे खरे. तथापि, खेळातील वस्तू ग्राहकाच्या मालकीची नसते, कंपनी ती केवळ वापरायला देते, हे अनेक पालकांना तेव्हाच कळले.

कंपन्यांचे धोरण औदार्यापेक्षा कायद्याच्या धाकाने बदलते. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले. सदोष खेळाचे पैसेही परत मिळणार नाहीत, असे कंपनी ग्राहकांना सांगत होती. आपला करार अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने बांधलेला आहे, हा तिचा बचाव. तेथे २० लाखांहून अधिक खाती असलेल्या कंपनीचा हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला आणि डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. खटला सुरू असतानाच, जून २०१५ मध्ये, स्टीमने जगभरासाठी परताव्याचे धोरण जाहीर केले: खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळल्यास पैसे परत. कोल्हापूरच्या ग्राहकालाही ते लागू आहे.

भारतातील कायदाही कागदावर दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'ई-कॉमर्स'च्या व्याख्येत डिजिटल उत्पादने येतात. तक्रारदार जेथे राहतो तेथेच त्याला दाद मागता येते. म्हणजे गडहिंग्लज किंवा इचलकरंजीच्या ग्राहकाला कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. 'ई-जागृती' संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. करारात लवादाची अट असली तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावतीचा ई-मेल, बँकेचा संदेश आणि पडद्यावरील चुकीचे छायाचित्र जपून ठेवणे आवश्यक आहे.

अडचण येते ती अंमलबजावणीत. कंपनीचे भारतात कार्यालय किंवा मालमत्ता नसेल, तर आयोगाचा आदेश हाती असूनही वसुली लांबते. शिवाय पाचशे-हजार रुपयांच्या खेळासाठी तारखांना जाण्याची तयारी फार थोड्यांची असते. ऑस्ट्रेलियात हे काम सरकारी आयोगाने स्वतः केले. भारतात २०१९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा सामूहिक कारवाईचे अधिकार आहेत.