रस्त्यावरची काच काय सांगते?

नगर-पुणे किंवा नगर-मनमाड रस्त्यावर अपघाताच्या जागी पडलेला काचेचा चुरा तुम्ही पाहिलाच असेल. धडक देऊन गाडी पळाली, तर कधीकधी तेवढाच साक्षीदार मागे उरतो.

त्याला बोलतं कसं करायचं? १८९३ मध्ये फ्रीडरिश बेके या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने खडकांतली खनिजं ओळखायची एक युक्ती सांगितली. तीच पुढे काचेला लागू पडली. काचेचा कण खास तेलात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि तेल हळूहळू तापवायचं. कणाच्या कडेला उजळ रेघ दिसते. तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक जुळला की रेघ गायब! रस्त्यावरचा कण आणि संशयित गाडीतला कण एकाच तापमानाला दिसेनासे झाले, तर दोन्हींचं नातं असू शकतं.

‘असू शकतं’ एवढंच बरं का. १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काच जगासमोर आणली आणि काचा बऱ्याच एकसारख्या व्हायला लागल्या. म्हणून आता काचेतली मूलद्रव्यंही मोजतात.

आणि कायदा? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट सक्तीची केली आहे. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलमही आलं होतं. पण जानेवारी २०२४ मधला ट्रकचालकांचा संप, पेट्रोल पंपावरच्या रांगा आठवतायत ना? जुलैत नवे कायदे लागू झाले, तेव्हा ते कलम बाजूलाच ठेवलं. उरलं पाच वर्षांपर्यंतचं कलम. म्हणजे अशा अपघातात तज्ज्ञ येईलच, अशी सक्ती नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा: पंचनामा होईपर्यंत तो चुरा कुणाला झाडू देऊ नका.