उत्तरे नसलेले पुस्तक

पाठ्यपुस्तकाकडे आपण समीक्षक सहसा फिरकत नाही. ‘बाल वैज्ञानिक’ मात्र त्याला अपवाद ठरावे. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम आरंभिला, त्यातून सहावी ते आठवीसाठी ही हिंदी पुस्तके घडली. त्यांत प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरे नव्हती. ती मुलांनी स्वतःच्या वहीत लिहायची. म्हणजे अर्धा पाठ छापील, उरलेला स्वस्त साहित्याच्या पेटीत, शेतात आणि वर्गातल्या वादात. परीक्षेतही पुस्तक उघडण्यास मुभा! (आपल्या साहित्याच्या परीक्षांना हे अजून झेपलेले नाही.) पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन गेलेल्या अरविंद गुप्तांना आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीच्या आकृत्या सुचल्या त्या याच वातावरणात. पण मला अधिक मोहवतो तो ‘सवालीराम’, मुलांनी ज्याला पत्रे लिहून शंका विचाराव्यात असे एक काल्पनिक पात्र. प्रश्नाला उत्तर मिळण्याआधी वाचक मिळतो, ही सोय किती पुस्तकांनी केली?

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. सवालीरामाला येणाऱ्या पत्रांचा वर्गच त्याबरोबर संपला.