न्यूयॉर्कची ज्यू उपाहारगृहे : एका परंपरेचा उदयास्त

परंपरा म्हटली की ती शतकानुशतकांची असणार, अशी आपली समजूत असते. न्यूयॉर्कमधील ज्यूंच्या ‘डेलिकटेसन’ उपाहारगृहांचा इतिहास या समजुतीस धक्का देणारा आहे.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले होऊ लागले. ते हल्ले आणि दारिद्र्य यांमुळे १९२४ पर्यंत वीस लाखांहून अधिक पूर्व युरोपीय ज्यू अमेरिकेत आले. मायदेशी गरिबाच्या ताटात मांस पडे ते बहुधा शब्बाथच्या दिवशी. अमेरिकेत मांस स्वस्त. म्हणून सणाचे अन्न कामाच्या दिवशीही मिळू लागले. रुमानियातून आलेली पास्ट्रामी, म्हणजे मसाल्यात मुरवून, धुरी देऊन वाफवलेले मांस, आणि जर्मनीकडील सॉसेज एकाच दुकानात आले. म्हणजे ही ‘जुनी’ परंपरा घडली न्यूयॉर्कमध्येच!

मांसाबरोबर दूध निषिद्ध, हा ज्यूंचा धर्मनियम. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे शनवार तेली, मांसाच्या रश्शात नारळाचे दूध घालून तो सांभाळतात. कडक नियमाच्या डेलिकटेसनमध्ये लोणी किंवा चीज मिळत नसे. तरीही प्रार्थनामंदिराची पायरी न चढणारा ज्यूही येथे येई, कारण येथे त्याला त्याची यिद्दिश भाषा आणि त्याची माणसे भेटत.

मग ऱ्हास का झाला? १९२४ च्या कायद्याने नव्या माणसांचा ओघ आटला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पूर्व युरोपातील ज्यू समाजाचा संहार केला. मूळ झराच नाहीसा झाला. युद्धानंतर पुढची पिढी उपनगरांत गेली. मुलाने डॉक्टर, वकील व्हावे म्हणून बाप दिवसभर गल्ल्यामागे उभा राहिला. मुलगा तसा झाला, आणि दुकान चालवायला कोणी उरले नाही. शिवाय जागेची भाडी वाढली. १९३७ साली निघालेले प्रसिद्ध ‘कार्नेगी डेली’ २०१६ अखेर बंद झाले. १८८८ पासूनचे ‘कॅट्झ’ अजून चालू आहे. पण तेथे प्रवाशांची गर्दी मोठी असते.

येथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. पूर्व युरोपातील ज्यू जीवन संपले ते हत्येने. त्याचा शोक कधीच संपणार नाही. न्यूयॉर्कची ही दुकाने मात्र बव्हंशी आपले काम पुरे झाल्यामुळे मिटली. परक्या शहरात आलेल्या माणसाला पाय रोवेपर्यंत आधार देणे हे ते काम. त्यांच्याविषयी हळहळ वाटणे साहजिक आहे. पण त्या हळहळीत कृतज्ञतेचा वाटा अधिक असावा.