भांडी धुण्याच्या यंत्राची दारपट्टी

भांडी धुण्याच्या यंत्राचे दार आणि टाकी यांमधील फट बंद करून पाणी व वाफ आत कोंडून ठेवणारी लवचिक पट्टी. कारागीर तिला ‘गॅस्केट’ किंवा नुसते ‘रबर’ म्हणतात. या यंत्राचा इतिहास बहुधा फवाऱ्यांचा व पंपांचा म्हणून सांगितला जातो. तथापि हॉटेलांच्या भटारखान्यातून ते घरच्या ओट्याखाली येऊ शकले, यात या पट्टीचा वाटा कमी नाही.

यंत्रातील सांधे गळू न देण्याचा प्रश्न जुना आहे. टॉमस न्यूकोमेन यांच्या १७१२ मधील एंजिनात दट्ट्याभोवती चामड्याची चकती बसवून वर पाण्याचा थर ठेवीत. जेम्स वॉट यांच्या एंजिनात चरबी माखलेला वाख ठासून भरीत असत. नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत कडक होई, म्हणून ते प्रारंभी निरुपयोगी ठरले. गंधकासह तापवून त्याला टिकाऊ लवचिकपणा देण्याच्या कृतीचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनीही अशा कृतीचे पेटंट घेतले [⟶ रबर].

जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले भांडी धुण्याचे यंत्र लाकडी होते. हाताने चाक फिरवून त्यात भांड्यांवर पाणी उडवीत. खऱ्या अर्थाने उपयुक्त यंत्र इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफीन कॉक्रन यांनी तयार केले (पेटंट २८ डिसेंबर १८८६). तांब्याच्या मोठ्या भांड्यात आडवे चाक, त्यावर तारेचे कप्पे आणि कप्प्यांतील भांड्यांवर गरम साबणी पाण्याचा मारा, अशी त्याची रचना होती. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात ते नावाजले गेले. पण गिऱ्हाइके मुख्यतः हॉटेले व उपाहारगृहे होती. भटारखान्यात चार थेंब बाहेर सांडले, तरी फारसे बिघडत नसे.

ब्रिटिश अभियंते विल्यम हॉवर्ड लिव्हेन्स यांनी १९२४ मध्ये घरगुती यंत्राचा आराखडा केला. त्यात समोर उघडणारे दार, तारेची मांडणी व फिरता फवारा होता. येथेच गळतीच्या प्रश्नाचे स्वरूप पालटले. झाकण वर असले, की उडालेले पाणी आपोआप खाली परतते. दार समोर आले, की प्रत्येक शिंतोडा उभ्या फटीवर आदळतो. ओट्याखाली यंत्र बसवायचे, तर समोरच्या दाराला पर्याय नव्हता. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात मोरी नसते आणि जमीन पुष्कळदा लाकडी असते. तेथे वाटीभर पाण्याची गळतीही महागात पडते.

नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत द्विबंध असतात. उष्णता, हवा व ओझोन त्यांवर परिणाम करतात व रबराला भेगा पडतात. त्सीग्लर व नात्ता यांच्या उत्प्रेरकांमुळे १९६० नंतरच्या दशकात एथिलीन-प्रोपिलीन रबर बाजारात आले. त्याची मुख्य साखळी संतृप्त असल्याने ते गरम पाणी, वाफ व क्षारीय धावण-चूर्ण दीर्घकाळ सोसते. खनिज तेलात मात्र ते फुगते. म्हणून पट्टी सरकावी यासाठी वंगण लावणे हा उपाय नसून अपाय आहे.

कुकरच्या रिंगेला वाफेचा मोठा दाब अडवावा लागतो, तसे या पट्टीचे नाही. टाकीतील पाण्याची पातळी सामान्यतः दाराच्या उंबरठ्याखालीच असते; पट्टी अडविते ते शिंतोडे व वाफ. बहुतेक यंत्रांत ती टाकीच्या दोन्ही बाजू व माथा यांवरून जाते, तर दाराच्या खालच्या कडेला निराळी पट्टी असते. वर्षानुवर्षे दाबली गेल्याने ती चपटी होते व पुन्हा उसळत नाही. दुमडीत साचलेले अन्नकण व चुन्याचा थर यांमुळेही फट राहते. तरीही प्रत्येक गळतीचा दोष पट्टीवर ठेवू नये. हाताने भांडी घासण्याचा साबण घातल्यास उसळणारा फेस, तिरके बसलेले यंत्र किंवा तडा गेलेला फवाऱ्याचा दांडा हीही कारणे असतात आणि ती न शोधता नवी पट्टी बसविणे व्यर्थ जाते.

पट्टी बहुधा खाचेत नुसती दाबून बसविलेली असल्याने हे काम घरी होते. वीजपुरवठा तोडून जुनी पट्टी हाताने ओढून काढतात व खाच कोमट साबणी पाण्याने स्वच्छ करतात. घडी पडलेली नवी पट्टी कोमट पाण्यात ठेवल्यास सरळ होते. मग माथ्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंस ती दाबत नेतात. ताणून बसविलेली पट्टी पुढे आकसते व कोपऱ्यात उघडी पडते. नवशिक्याची हीच नेहमीची चूक होय.

स्वस्त पट्टी मिळाली नाही, तर धडधाकट यंत्रही मोडीत निघते. यूरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या व १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, प्रतिकृतीचा शेवटचा नग बाजारात आल्यापुढे किमान १० वर्षे दाराचे बिजागर व पट्ट्या खुद्द ग्राहकालाही उपलब्ध करून देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. मोटर, पंप व तापक यांसारखे भाग मात्र व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांनाच, किमान ७ वर्षे देण्याची तरतूद आहे.